बऱ्हाणपूरची बाळंतीण

ताजमहालावर मराठीत आजवर किती लिहिले गेले याची गणती नाही. कवींनी लिहिले, प्रवाशांनी लिहिले, शाळेतल्या मुलांनी निबंधांतून लिहिले. त्या साऱ्या लिखाणात संगमरवर आहे, चांदणे आहे, यमुना आहे आणि बादशहाचे अश्रूही आहेत. ज्या बाईसाठी ही इमारत उभी राहिली ती कशाने गेली, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेले असते. ती बाळंतपणात गेली. तिचे ते १४वे बाळंतपण होते आणि वय होते अवघे ३८. ती गेली तेव्हा आग्र्यास नव्हती. आपल्या इंदुराहून खंडव्यावरून दक्षिणेस उतरले की जे बऱ्हाणपूर लागते, तेथे तापीच्या काठच्या शाही किल्ल्यात तिने देह ठेवला. या आपल्या शेजारच्या गावात घडलेल्या मृत्यूची हकीकत मुळापासून सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुमताजमहल हे तिचे पुढे मिळालेले नाव. माहेरचे नाव अर्जुमंदबानू. जन्म १५९३ सालचा. घराणे मूळचे इराणी. आजोबा घियासबेग हे इराणातून नशीब काढण्यास हिंदुस्थानात आले आणि जहांगीराच्या दरबारी इतिमादउद्दौला या किताबापर्यंत चढले. त्यांचा मुलगा आसफखान हा अर्जुमंदचा पिता आणि मुलगी मेहरुन्निसा म्हणजे पुढची नूरजहान ही तिची आत्या. लिहिणे-वाचणे, फारसी काव्य, घरंदाज रीतभात हे सारे अशा घरात आपसूकच येते, तसे ते तिला आले.

१६०७ साली शाहजादा खुर्रमशी तिची सोयरीक ठरली. ती तेव्हा १४ वर्षांची होती. लग्न मात्र लागले १६१२ साली. कारणे राजकारणाची असोत वा मुहूर्ताची, मधली पाच वर्षे ती माहेरी राहिली. मधल्या काळात, १६१० साली, शाहजाद्याचे एक लग्न इराणच्या राजघराण्यातल्या मुलीशी होऊनही गेले होते. वाचकांनी ही पाच वर्षे ध्यानात ठेवावीत. बाळंतपणातल्या मृत्यूची गोष्ट निघाली की आपल्याला प्रथम बालविवाह आठवतो, आणि ते योग्यही आहे. कोवळ्या वयात आई झालेल्या किती मुली आपल्या समाजाने गमावल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण अर्जुमंदबानूचे तसे नव्हते. ती सासरी आली तेव्हा १९ वर्षांची होती आणि पहिल्या बाळंतपणाला जवळजवळ २० पूर्ण झाली होती. खाण्यापिण्याची ददात नव्हती, सेवेला दासी होत्या, नवऱ्याचा जीव होता. एवढे सारे अनुकूल असूनही ती वाचली नाही, म्हणून तिची हकीकत अधिक विचार करायला लावते.

पहिली मुलगी हूरुन्निसा १६१३ मध्ये झाली. १६१४ मध्ये जहानआरा, १६१५ मध्ये दारा शुकोह. १६१६च्या जून महिन्यात अजमेरच्या मुक्कामी तीन वर्षांची हूरुन्निसा गेली. जहांगीराचा या नातीवर फार जीव होता. ती ज्या वारी गेली त्या बुधवाराचे नावच त्याने बदलले. आजोबाचा हा शोक इतिहासात नोंदला गेला आहे. पण त्याच जून महिन्यात, मुलीला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, तिची आई पुन्हा बाळंत झाली आणि शाह शुजा जन्मला, ही गोष्ट तारखा शेजारीशेजारी मांडल्याखेरीज लक्षात येत नाही.

पुढच्या वर्षी खुर्रमची स्वारी दक्षिणेत निघाली आणि ती बरोबर होती. सप्टेंबर १६१७ मध्ये बऱ्हाणपुरास रोशनआरा जन्मली. म्हणजे ज्या गावी तिचा शेवट झाला त्या गावी ती १४ वर्षे आधी एकदा बाळंत होऊन सुखरूप उठली होती. पुढच्याच महिन्यात आपल्या मांडूच्या गडावर जहांगीराने विजयी मुलाचे डोळे दिपतील असे स्वागत केले आणि त्याला शहाजहान हा किताब दिला. त्यानंतर गुजरात, आणि १६१८ मध्ये गुजरातेहून माळव्याकडे येताना वाटेत दाहोदला औरंगजेबाचा जन्म. अजमेर, बऱ्हाणपूर, दाहोद ही नावे एकाखाली एक वाचली की एखाद्या छावणीचे मुक्काम वाचल्यासारखे वाटते, आणि ते तसेच होते. हत्तीवरची अंबारी, पालखी, तंबू, नदीचे उतार, आणि त्यात दर खेपेस एक तर पोटात नाहीतर मांडीवर मूल. आपल्याकडे पहिलटकरणीला माहेरी नेण्याची चाल आहे. सातव्या महिन्यापासून सव्वा महिना उलटेपर्यंत तिला आईच्या हाताखाली विसावा मिळतो. या बाईला ते कधीच लाभले नाही. तिचे माहेर आणि सासर एकाच दरबारात होते, आणि तो दरबार सदा चालता होता.

१६२२पासून तर सारीच घडी विस्कटली. शहाजहानाने बापाविरुद्ध बंड केले. बादशाही फौज पाठीस लागली. दक्षिणेतून तेलंगणमार्गे ओरिसा, तेथून बंगाल, बिहार आणि पुन्हा मागे दक्षिण अशी ही धावपळ चार वर्षे चालली. त्याच १६२२ साली उम्मीदबक्ष हा लहानगा मुलगा गेला आणि नवा जन्मलेला मुलगा नाव ठेवण्याआधीच गेला. १६२४ मध्ये बिहारातल्या रोहतासला मुरादबक्ष जन्मला. १६२६ मध्ये समेट झाला, पण त्याची किंमत म्हणून दारा आणि औरंगजेब या दोघा मुलांना ओलीस म्हणून आजोबाकडे पाठवावे लागले. त्या साली ती पुन्हा एका मुलाची, लुत्फुल्लाची, आई झाली.

हा काळ तिने कोठे काढला हे मराठी वाचकांस मुद्दाम सांगितले पाहिजे. १६२७ साली जहांगीर निवर्तला ती बातमी शहाजहानाला जुन्नरास मिळाली. शिवनेरीच्या पायथ्याचे ते जुन्नर. तेथूनच तो तख्त घेण्यास आग्र्याकडे निघाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १६३० साली, त्याच शिवनेरीवर जिजाबाईसाहेबांच्या पोटी शिवराय जन्मले. शहाजीराजे मोहिमेत, मुलखात दंगल, वडील लखुजी जाधव निजामशाही दरबारात मारले गेलेले, अशा स्थितीत ते बाळंतपण किल्ल्यावर पार पडले. दोन्ही घराणी पुढे जन्मभर एकमेकांशी लढली. पण फौजेच्या धामधुमीत पोटुशी बाई सांभाळणे हे त्या वर्षांत दोन्हीकडच्या बायकांच्या वाट्याला सारखेच आले होते.

१६२८च्या फेब्रुवारीत शहाजहान तख्तावर बसला. अर्जुमंदबानू आता हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. वर्षाला दहा लाखांची नेमणूक तिच्या नावे झाली. बादशाही शिक्काही काही काळ तिच्या ताब्यात होता, तो पुढे तिच्याच सांगण्यावरून तिच्या वडिलांकडे गेला. विधवा, अनाथ, कर्जबाजारी यांचे अर्ज ती बादशहापुढे मांडी आणि मंजूर करून घेई. तिच्याजवळ हे अर्ज आणण्याचे काम सतीउन्निसा नावाच्या एका विद्वान बाईकडे होते. ही बाई तालिब आमुली या कवीची बहीण, कुराण उत्तम पढणारी आणि वैद्यक जाणणारी. जहानआरेचे शिक्षण तिच्याच हाताखाली झाले.

पण याच वैभवाच्या वर्षी काय घडले पाहा. एप्रिलच्या अखेरीस सात वर्षांची सुरय्याबानू गेली. मेच्या मध्यावर दीड वर्षाचा लुत्फुल्ला गेला. या दोन मृत्यूंच्या मधल्या दिवसांत दौलतअफ्जा हा मुलगा जन्मला. पुढल्या वर्षी तोही गेला. त्यानंतरची हुस्नआरा जन्मली आणि थोड्याच काळात गेली. १४ अपत्यांपैकी सातच जगली, हे वाक्य पुस्तकात वाचायला सोपे आहे. घरात ते कसे झाले असेल याची कल्पना मूल गमावलेल्या घरांनाच यावी.

आता बऱ्हाणपूर. खानजहान लोदी हा सरदार बंड करून अहमदनगरच्या निजामशाहीला मिळाला, म्हणून बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला आणि १६३०च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपुरास येऊन राहिला. बेगम अर्थातच बरोबर होती. त्या साली पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्याची बरोबरी करणारे दुष्काळ इतिहासात थोडेच आहेत. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या साली सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेत पडलेली प्रेते आणि ओस गावे यांची त्याने केलेली नोंद वाचवत नाही. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्याचा हुकूम केला, सारा माफ केला. तरी माणसे मरतच होती.

अशा गावात १७ जून १६३१च्या रात्री बेगम १४व्यांदा बाळंत झाली. वेणा सुमारे तीस तास चालल्या असे सांगितले जाते. इतकी बाळंतपणे झालेल्या बाईला एवढा वेळ लागावा हेच मुळी लक्षण बरे नव्हते. मुलगी झाली. तिचे नाव पुढे गौहरआरा ठेवले. मुलगी जगली, पण आईची शक्ती उतरत चालली. १७ वर्षांची जहानआरा उशाशी होती. तिने गोरगरिबांना दागिने वाटले, देवाची करुणा भाकली. शेवटी आईने तिलाच पाठवून बादशहाला बोलावून घेतले. तो आला. मुलांना आणि आपल्या वृद्ध आईबापांना सांभाळा, असे सांगून काही वेळाने तिने प्राण सोडला. मूल पोटातच रडल्याचा आवाज आला, बेगमने अमुक इमारत बांधण्याचे वचन घेतले, या गोष्टी मागाहून जोडल्या गेलेल्या आहेत. त्यांच्यावाचून जे घडले तेवढेच पुरे आहे.

तापीच्या पलीकडल्या तीरावर झैनाबाद येथे एक बाग होती. तेथे तिला तात्पुरते पुरले. बादशहा आठवडाभर झरोक्यात आला नाही, दरबार भरला नाही. काळी दाढी पांढरी झाली. दोन वर्षे त्याने अत्तर लावले नाही, रंगीत वस्त्र अंगावर घातले नाही, जडजवाहीर घातले नाही आणि गाणे ऐकले नाही.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी थांबतो, कारण आमच्या घराण्यात दरबारी गाण्याची सेवा होती आणि दरबारातले गाणे थांबणे म्हणजे काय हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. राजवाड्यात सुतक पडले की चौघडा बंद होई, सारंगीला गवसणी चढे आणि गवयांच्या पोरांना घरातही मोठ्याने सूर लावण्याची मनाई असे. ते सुतक फार तर काही आठवड्यांचे. शहाजहानाचा दरबार तर गाण्याचा मोठा आश्रय होता. तानसेनाचा मुलगा बिलासखान, त्याचा जावई लालखान. या लालखानाला शहाजहानानेच पुढे गुणसमुद्र असा किताब दिला. अशा दरबारात दोन वर्षे बादशहाने कान मिटून घेतले. शोक खरा होता, याविषयी मला तरी शंका नाही. पण मग पुढचा प्रश्न अधिकच टोचतो. एवढे प्रेम, एवढी सत्ता, एवढा पैसा असून ही बाई वाचली का नाही?

पहिले कारण शरीराचे. तवारिखा रोगाचे नाव सांगत नाहीत. पण वेळ आणि लक्षणे पाहता जाणत्या डॉक्टरांचा कल एकाच निदानाकडे आहे : बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. मूल आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळून घट्ट होते आणि त्या आवळण्यानेच उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. वारंवार ताणल्या गेलेल्या गर्भाशयाला ही ताकद उरत नाही. वाद्याची कातडी वर्षानुवर्षे चढवून-उतरवून सैल पडावी तसे त्याचे होते. मग रक्त थांबत नाही आणि धट्टीकट्टी बाईदेखील दोन-तीन तासांत हातची जाते. त्यातून अंगात रक्त आधीच कमी असेल तर तेवढाही अवधी मिळत नाही. १६१३चा मार्च ते १६३१चा जून, म्हणजे सव्वाअठरा वर्षांत १४ बाळंतपणे. सरासरी अंतर पडते सुमारे १७ महिन्यांचे. एका बाळंतपणाची झीज भरून येण्याच्या आत दुसरा गर्भ राहिलेला असे.

दुसरे कारण रिवाजाचे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोगल घराण्यात बेगमा मुलांना अंगावर पाजत नसत. त्यासाठी थोर घरच्या दाया नेमलेल्या असत. अशा दायांच्या कुटुंबांना दूधनात्याने केवढा मान मिळे हे अकबराच्या माहम अनगेवरून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आता, मूल अंगावर पीत असताना दिवस सहसा लवकर राहत नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते आणि आजचे वैद्यकही तेच सांगते. शेतकऱ्याची बायको दोन-दोन वर्षे मूल पाजी आणि तेवढे अंतर तिला निसर्गच देई. बेगमेला मात्र हे संरक्षण तिच्या मोठेपणानेच नाकारले. ज्या रिवाजाला सारे सुख समजत होते, त्यानेच तिची बाळंतपणे जवळजवळ आणली.

तिसरे कारण वारसाचे. मोगलांत थोरला मुलगाच गादीवर बसेल असा नियम नव्हता. मुले जगण्याची खात्री नव्हती. सहाजणांत चार गेली तर काय, ही धास्ती प्रत्येक राजघराण्याला होती. म्हणून घरात मूल गेले की त्याची भरपाई पुढच्या मुलाने करायची, हाच उपाय. आपल्या खेड्यापाड्यांतूनही दोन हाताशी असावीत म्हणून चार होऊ द्यावीत, हा हिशेब कालपरवापर्यंत चालत आला. बालमृत्यू आणि बाळंतिणीचा मृत्यू ही जोडलेली दुखणी आहेत, ती अशी.

चौथे कारण पडद्याचे. हकीम अलीमुद्दीन ऊर्फ वझीरखान हा नामांकित वैद्य बादशहाच्या पदरी होता. लाहोरची सुप्रसिद्ध वझीरखान मशीद याचीच. पण जनानखान्यात परपुरुष वैद्याचा प्रवेश किती अवघड होता हे पुढे बर्निए या फ्रेंच डॉक्टराच्या वर्णनावरून कळते. आजारी बाईकडे त्याला नेले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत शाल पांघरून, खोजाने हात धरून, आंधळ्यासारखे नेले. बाळंतपण तर सर्वस्वी सुइणींच्या हाती. त्यांच्यापैकी अनेकींचा अनुभव दांडगा असे. पण शिकलेल्या वैद्याची विद्या आणि सुईणीचा हात या दोन गोष्टी एका खोलीत एकत्र येऊ शकत नव्हत्या. अर्थात न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की पडदा नसता तरी त्या काळच्या कोणाही हकिमाजवळ तो रक्तस्राव थांबवण्याचा खात्रीचा उपाय नव्हता. रक्ताचे गट १९०१ साली कळले. गर्भाशय आवळणारी औषधे शुद्ध रूपात हाती आली ती विसाव्या शतकात. तेव्हा वाचवण्याची वेळ १७ जूनच्या रात्री उरलेलीच नव्हती. ती आधीच्या वर्षांत होती, दोन मुलांमधल्या अंतरात होती.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे प्रेम. लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहिले पाहिजे. शहाजहानाच्या इतर दोन बायकांना प्रत्येकी एकच मूल झाले. एक बायको खानखाना अब्दुर्रहीम यांची नात. ती लग्ने राजकारणाची होती. मुमताजवर त्याचे खरे प्रेम होते आणि म्हणून तो तिला एक दिवसही दूर ठेवीत नव्हता. तिनेही कधी मागे राहू म्हटल्याचे कोठे दिसत नाही. या प्रेमाला कोणी दोष द्यावा? पण प्रेम करणाऱ्या माणसाला बाईच्या शरीराची मर्यादा कळलीच पाहिजे असे नाही, ती कोणीतरी त्याला सांगावी लागते. त्या दरबारात बादशहाला हे सांगण्याची कोणाची छाती होती? आणि आपल्या घराघरांत तरी मुलाला किंवा जावयाला हे सांगणारे वडीलधारे किती होते?

बाळंतपणात मेलेल्या बाईचे समाज पुढे काय करतो हेही पाहण्यासारखे आहे. इस्लामच्या परंपरेत तिला हुतात्म्याचा मान आहे. आपल्याकडे ती अहेवपणी गेली, कुंकू घेऊन गेली म्हणून भाग्याची ठरते आणि तिची खणानारळाने ओटी भरतात. त्याच आपल्या खेड्यांत तिची अळवंतीण होते म्हणून संध्याकाळी लोक विहिरीकडची वाट टाळतात. कोठे तिला स्वर्गात बसवले, कोठे पिंपळावर. ती का मेली आणि ती मेली नसती का, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारला गेला नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे म्हणून आपण मोकळे झालो. पुनर्जन्म म्हणताना त्यात आधीचा मृत्यू गृहीत धरलेला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

बादशाही घराण्यानेही त्या मृत्यूपासून काही बोध घेतला असे दिसत नाही. १६३१च्या डिसेंबरात शाह शुजा, वझीरखान आणि सतीउन्निसा यांच्या सोबतीने तिचे शव आग्र्यास गेले आणि १६३२ पासून ताजमहालाचे काम सुरू झाले. मुख्य इमारतीस अकरा-बारा वर्षे आणि साऱ्या परिसरास वीसएक वर्षे लागली. पण हे काम चालू असतानाच, १६३४ साली, त्याच शुजाची तरुण बायको बिल्किसबानू लग्नानंतर सुमारे वर्षभरात पहिल्याच बाळंतपणात वारली. कोठे? बऱ्हाणपुरातच. तिची कबर अजून तेथे आहे. खरबुजाच्या फाकींसारखा तिचा आकार, म्हणून लोक तिला खरबूज महाल म्हणतात. आतील रंगीत वेलबुट्टी पाहण्यासारखी आहे. पुढे १६५७ साली औरंगजेबाची बायको दिलरसबानू पाचव्या बाळंतपणानंतर महिनाभरात औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेली. तिच्यासाठी बीबी का मकबरा उभा राहिला. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक त्याला नावे ठेवतात. पण त्या दोन इमारतींचे खरे साम्य घुमटांत आणि मिनारांत नाही. दोन्हीकडे एकेक बाळंतीण निजली आहे. सासू आणि दोन सुना, सव्वीस वर्षांत एका घरातल्या तीन बायका अशा गेल्या. तिन्ही कबरी देखण्या आहेत.

ज्यांना कबर मिळाली त्यांची ही कथा. १६३१च्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात बऱ्हाणपुराच्या वेशीबाहेर, लंगरच्या रांगेत, वाटेवरच्या झाडाखाली किती उपाशी बायका बाळंत झाल्या असतील, किती जगल्या असतील? त्यांची नोंद पीटर मंडीनेही केली नाही.

राहिलेल्या मुलीविषयी दोन शब्द. गौहरआरा ७५ वर्षे जगली आणि १७०६ साली वारली. जहानआरा, रोशनआरा आणि गौहरआरा या तिन्ही बहिणी जन्मभर अविवाहित राहिल्या. त्याला राजकारणाची कारणे होती. तरी आईचे ते तीस तास उशाशी बसून पाहिलेल्या जहानआरेच्या मनात काय असेल, हा विचार आल्याशिवाय राहत नाही. आईच्या एक कोटीहून अधिक रुपयांच्या मालमत्तेतील निम्मा वाटा तिला मिळाला आणि आईची जागा तिने जन्मभर चालवली.

आता आपल्या काळाकडे वळू. २००४ ते २००६ या वर्षांत हिंदुस्थानात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७वर आला. ही प्रगती लहान नाही. पण याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३३ होता, गुजरातचा ५७ आणि आपल्या मध्य प्रदेशाचा १७३. त्या मृत्यूंत रक्तस्राव हे आजही मोठे कारण आहे. फरक एवढाच की मुमताजच्या वेळी जे औषध साऱ्या दुनियेत नव्हते, ते आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. दोन मुलांत अंतर ठेवण्याची साधने आहेत. एका जन्मानंतर निदान दोन वर्षे पुढचा गर्भ राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अडते ते दवाखान्यात नेण्याच्या निर्णयापाशी, रात्रीच्या गाडीपाशी, बाईच्या रक्तात लोह आहे की नाही हे वेळेवर पाहण्यापाशी, आणि आता पुरे असे म्हणण्याचा अधिकार तिला आहे की नाही यापाशी.

आपल्याकडचे पुष्कळ लोक सुटीत आग्र्यास जातात. बऱ्हाणपूर त्या मानाने हाकेच्या अंतरावर आहे. जाणाऱ्यांनी शाही किल्ल्यातला चित्रांकित हमाम पाहावा, खानखानाच्या काळचे भूमिगत पाण्याचे कुंडी भंडारे पाहावे, खरबूज महाल पाहावा आणि मग तापी ओलांडून झैनाबादेत जावे. तेथे आहुखान्याची पडकी इमारत आहे आणि पलीकडे शेते आहेत. सहा महिने बेगम येथे होती. घरात कोणाला दिवस गेले असतील तर तेथून परतल्यावर तिची नाडी, तिचे रक्त आणि तिचे म्हणणे, तिन्ही नीट तपासून घ्यावे.